पोत्यात हात घालणारे साक्षीदार

कोल्हापूरचा माणूस तिखटाच्या बाबतीत कुणापुढे मान खाली घालत नाही. माझी तर चटणी-कांडपाची गिरणीच आहे. लग्नसराईत वरात गिरणीसमोरून गेली की आधी घोडी शिंकते, मग नवरदेव. पुढं बोहल्यावर तो डोळे पुसायला लागला की मुलीकडचे म्हणतात, पोरगा मनानं हळवा आहे. असे तीन-चार संसार माझ्या गिरणीच्या पुण्याईवर सुखात चालले आहेत.

त्यामुळं भाची प्राची जेव्हा म्हणाली, "मामा, नंदुरबारला येतोस का? मिरचीचं काम आहे," तेव्हा मी मिशीवरून हात फिरवून म्हणालो, "चल, बघून येऊ त्यांची मिरची." बघून आलो. जे अजून तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी ही हकिगत. वाचताना जिथं अति वाटेल तिथं निम्मं धरा. उरलेलं निम्मं मी आधीच कमी करून सांगितलंय.

नंदुरबार

रात्रभराची गाडी सोडून देतो. शेजारच्या माणसाचं घोरणं हा काही पाहण्यासारखा प्रदेश नव्हे.

गावाबाहेर पडलो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मैदान. आमच्याकडे गच्चीवर दोन चादरी पसरून बायका मिरची वाळवतात आणि कावळ्यांना हाकलतात. इथं नजर जाईल तिथवर जमीन लाल, आणि कावळा औषधालाही नाही. वरून उडत जाणारा एक बगळा मी शिंकताना पाहिला. शिंकेसरशी तो हातभर मागे सरकला आणि पुन्हा उडायला लागला.

संध्याकाळी खानावळीत शेवभाजी मागवली. मालकानं विचारलं, "मामा, मीडियम देऊ का?" मी हसलो. कोल्हापूरला मीडियम विचारतो! ताट आलं. वर तेलाचा असा तवंग की त्यात मला माझा चेहरा दिसला, आणि तो चेहरा घाबरलेला होता. पहिल्याच घासाला माझ्या उजव्या कानात लहानपणी विहिरीत पोहताना गेलेलं पाणी निघून गेलं. डावा कान मी राखून ठेवला.

जेवता जेवता प्राचीनं मला कामाची उजळणी करून दिली. ती तुम्हालाही देतो, कारण त्याशिवाय पुढची धावपळ समजायची नाही. ब्लॉकचेन म्हणजे काय हे तिनं मला गेल्या काही वर्षांत इतक्यांदा सांगितलंय की आता तिचाच गोंधळ व्हायला लागलाय. मला कळलं ते असं: एकच वही हजार जागी एकाच वेळी लिहायची. एकानं खाडाखोड केली की बाकीचे नऊशे नव्याण्णव त्याच्या अंगावर धावून येतात. वही पक्की. गोची एवढीच की अशा वह्या आता जगात बऱ्याच झाल्यात आणि एकीला दुसरीचं अक्षर कळत नाही.

इथल्या शेतकऱ्यांच्या गटांनी मिरचीच्या पावत्या एका ब्लॉकचेनवर ठेवल्या होत्या. कुणाची मिरची, किती पोती, कुठल्या गोदामात, सगळं त्यात. सुरतेचा मसालेवाला खरेदी करायचा तो दुसऱ्याच ब्लॉकचेनवर. इथली पावती तिथं न्यायची तर दोन वॉलेटं उघडा, या नाण्यानं त्याची फी भरा, ते नाणं तिसऱ्याच ठिकाणी बदलून आणा, आणि एवढं करून मध्ये एक अक्षर चुकलं की पावती ना इकडची ना तिकडची. प्राची आणि तिच्या जोडीदारांनी त्यावर पूल बांधला. फोनवर एक बटण. ते दाबलं की इकडची पावती कुलूपबंद होते आणि तिच्याऐवजी तिकडे तशीच एक पावती निघते. इकडचं कुलूप लागलं हे तिकडे सांगायला पाच साक्षीदार नेमलेले. पाचातल्या तिघांनी आपापल्या फोनवर 'हो' दाबलं की झालं.

"आणि तिघांनी नाही दाबलं तर?" मी विचारलं.

"ठरलेल्या वेळेनंतर कुलूप आपोआप उघडतं आणि पावती परत जाते. कुणाचं नुकसान नाही," प्राची म्हणाली. "आणि दाबतील की, मामा. मागच्या महिन्यात दहा वेळा चाचणी घेतली. सूचना गेली की पाचही जण पापणी लवायच्या आत दाबायचे."

म्हसावद

कुणाचं नुकसान नाही, असं खानावळीत बसून म्हणता येतं. म्हसावदला कमलताई पाटलांच्या अंगणात ते म्हणायची प्राचीची छाती झाली नाही.

कमलताई अकरा बायकांच्या मिरची गटाच्या प्रमुख. नवरा शहाद्याला शाळेत नोकरीला, शेत त्यांच्याच हातात. पपई, मिरची आणि एक बैल, जो त्यांच्याशिवाय कुणाचंच ऐकत नाही. आम्ही गुरुवारी दुपारी पोचलो. त्यांनी सकाळीच बटण दाबलं होतं. पावती कुलूपबंद झाली होती आणि पलीकडे काहीच निघालं नव्हतं. अकराही जणी अंगणात बसून एकाच फोनकडे बघत होत्या. भाकरी तव्यावर टाकून ती फुगायची वाट बघावी, तशा.

"मामा," कमलताई मला म्हणाल्या. प्राचीचा मामा म्हणून मी अख्ख्या जिल्ह्याचा मामा झालो होतो. "तुमनी भाची पूल बांधी ऱ्हायनी, पन पूलवर पहिली गाडी मन्ही शे. पूल पडना ते गाडी कोनी?"

पथारीवाल्या व्यापाऱ्यानं चांगला भाव देऊ केला होता, तो सोडून कमलताईंच्या शब्दाखातर या बायकांनी माल अडवून धरला होता. तो व्यापारी येता-जाता विचारायचा, "काय वहिनी, फोनमा वाळनी का मिरची?" सुरतेच्या मसालेवाल्यानं शनिवारी संध्याकाळपर्यंत वाट बघायचं कबूल केलं होतं. पुलाची मुदतही तीच. तोवर पावती त्याच्याकडे उतरली नाही तर तो दुसरीकडून माल उचलणार आणि अकरा जणी पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या दारात. त्यानंतर कमलताईंनी गटाची बैठक बोलावली तर त्यांचा बैलसुद्धा आला नसता.

प्राचीनं साक्षीदारांना फोन लावायला घेतले. पाचातला एक मुलीच्या बाळंतपणाला बडोद्याला, दुसऱ्याचा फोन विहिरीत. राहिले तीन, आणि लागणारही तीनच. त्यातले पहिले कळसाडीचे विश्राम आबा. फोन स्पीकरवर होता, म्हणून साऱ्या अंगणानं ऐकलं.

"आबा, सूचना आली का?"

"उनी ना. सकायपासून चार डाव वाजना फोन."

"मग 'हो' का नाही दाबलं?"

"मिरची कोठे शे?"

"म्हसावदला. गोदामात."

"आनि मी कळसाडीले. मन्हा हात इतला लांब नही, पोरी."

प्राचीला काही कळेना. "आबा, मागच्या महिन्यात तर दहा वेळा दाबलंत!"

"ती खोटी मिरची व्हती ना! तूच सांगं, आबा, ही खोटी शे, नुसतं दाबी देखा. खोटीले काय पाहनं? आते खरी शे."

"बरं, मी व्हिडिओवर दाखवते मिरची."

"फोनमा हात कसा घालू?" आबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

अकरा जणींना यात काहीच नवल वाटलं नाही. साक्षीदार पोत्यात हात घालतो, मग साक्ष देतो. पूल समजावायच्या बैठकीत प्राचीनं साक्षीदार हा शब्द वापरला तेव्हाच सगळ्यांनी ते गृहीत धरलं होतं. "मग मला कुणीच कसं सांगितलं नाही?" प्राचीनं विचारलं. कमलताई म्हणाल्या, "तू इतलं छान समजाडी ऱ्हायंथी. पाव्हनीले मधमा कसं तोडनं?"

आमच्याकडे साक्षीदार म्हणजे कचेरीबाहेरच्या टपरीवर चहा पिणारा माणूस. कुणाच्याही कागदावर सही करतो आणि वर विचारतो, "आणखी एक लागतोय का? भाऊ हाय माझा." मला हा खानदेशी साक्षीदार एकदम आवडला. प्राचीला आवडायला अजून दोन दिवस होते.

कमलताईंनी त्या मालातलं एक पोतं घरच्या जीपमध्ये टाकलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "हात घालू द्या सगळासले. मी आठे बायासले थांबाडस."

कळसाडी

मिरचीचं पोतं पाठीशी घेऊन जीप चालवणं हा एक वेगळाच प्रकार आहे. मी दर खड्ड्याला शिंकायचो आणि दर शिंकेला जीप पुढच्या खड्ड्यात जायची. असं आम्ही इंधन न जाळता निम्म्याहून जास्त अंतर कापलं.

दोन्हीकडे ऊस आणि कापूस. आमच्याकडचा ऊस शिस्तीत उभा राहतो. इथला वाऱ्यावर जरा रेलून, पाहुणा कोण आलाय ते बघत होता. विश्राम आबा ओट्यावर खाटेवर बसले होते. डोक्याला टोपी, अंगात बंडी. जीप थांबायच्या आत त्यांनी बाही दुमडायला घेतली.

पोत्याचं तोंड सोडलं. आबांनी वरच्या मिरचीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ हात आत, कोपरापर्यंत, डोळे मिटून. डॉक्टर नाडी बघतात तसं. मग खालची मूठभर मिरची वर काढून कानाजवळ खुळखुळवली.

"वरथून सगळीच मिरची लाल ऱ्हास," ते प्राचीला म्हणाले. "खालनी पाहनी पडस."

प्राचीनं पुन्हा एकदा प्रयत्न केला. ती चिवट आहे, आमच्या घराण्यावर गेलीय. "आबा, तुम्हाला मिरचीची साक्ष द्यायचीच नाही. तिकडच्या वहीला एवढंच सांगायचं, की इकडची पावती कुलूपबंद झाली."

"आनि कुलूपमा मिरची नहीच व्हती, मंग? सुरतवाला कोनले धरी? पावतीले का आबाले?"

आबांनी पंच्याला हात पुसला, चष्मा लावला आणि 'हो' दाबलं. फोनवर एक हिरवी खूण उमटली. तीनपैकी एक.

लगेच निघावं म्हणून मी उठलो तर आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत बसलो. वरण-बट्टी झाली. बट्टी कुस्करून त्यावर वरण, त्यावर तूप. तूप किती, तर माझ्या ताटात एक माशी पडली आणि पोहत पोहत सुखरूप काठाला लागली. तिसऱ्या वाढीला मी नको म्हणालो, तेव्हा आबांच्या सूनबाई म्हणाल्या, "कोल्हापूरना मानसं इतलंच जेवतस का?" गावाच्या अब्रूचा प्रश्न आला. जेवलो. ढेकर आली ती थेट तापीच्या पल्याड ऐकू गेली असणार.

खापर

शुक्रवारी सकाळी तळोदा, अक्कलकुवा करत खापरला. गुजरातची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. बाजाराचा दिवस होता. हार-बांगड्या, कोंबड्या, टोपल्या, डोंगरावरनं उतरलेली माणसं. एका वाक्यात मराठी सुरू व्हावी, मध्ये भिली लागावी आणि भाव ठरताना गुजराती यावी, असं ते बोलणं. मला तिन्ही भाषांत फक्त "महाग" एवढं कळलं.

दुसऱ्या साक्षीदार मोगीबाई वसावे. बाजारात उडीद-तुरीचं दुकान मांडून बसतात. शेजारणीशी भिलीत, आमच्याशी मराठीत. त्यांनी पोत्यात हात घातला, एक मिरची मोडली, वास घेतला आणि दुसरी माझ्यापुढं धरली.

"घ्या भाऊ. तुमची मिरचीची गिरणी आहे म्हणे."

मी चावली. चांगली होती. थोड्या वेळानं खरोखरच फार चांगली वाटायला लागली. मग बाजार थोडा अंधूक झाला आणि माझे वडील मला पलीकडून "पाणी पी" असं सांगताना दिसले. मोगीबाई प्राचीला म्हणाल्या, "मिरची खरी आहे. भाऊंच्या तोंडावर लिहिलंय." आणि त्यांनी 'हो' दाबलं. तीनपैकी दोन.

मग जेवण आलंच. त्यांच्या घरी ज्वारीची भाकर, उडदाचं घट्ट वरण आणि पाट्यावर वाटलेली चटणी. तिला मी लांबून नमस्कार केला. जेवण उरकून मी जीपजवळ येऊन बसलो, पोतं राखायला.

त्या पोत्याचं पुढं काय झालं याच्या दोन हकिगती आहेत. एक प्राची सांगते. दुसरी खरी.

एका माणसानं येऊन पोत्यात हात घातला आणि विचारलं, "कशी दिली?" विकायची नाही, असं मी त्याला साफ सांगितलं. पण व्यापाऱ्याच्या जातीला नुसतं नाही म्हणता येतं का? म्हणून मी म्हणालो, "ही मिरची तुम्हाला परवडायची नाही." तो पेटला. त्यानं भाव सांगितला. मी हसलो. त्यानं वाढवला. मी आकाशाकडे बघितलं. भोवती माणसं जमली, कुणी माझ्या बाजूनं, कुणी त्याच्या. माझा हेतू एवढाच होता, की आपल्या गटाच्या मालाला खुल्या बाजारात काय भाव येतो हे समजावं. तो समजला. समजेपर्यंत पोतं त्याच्या मोटारसायकलवर होतं, मोटारसायकल गुजरातेतल्या सागबाऱ्याच्या वाटेला लागली होती आणि नोटा माझ्या मुठीत होत्या.

प्राची आणि मोगीबाई आल्या तेव्हा मी जीपच्या मोकळ्या जागेकडे बघत उभा होतो.

"भाऊ," मोगीबाई म्हणाल्या, "तुम्ही तर साक्षच विकून टाकली."

प्राची पाय आपटत जीपमध्ये जाऊन बसली. भाव मात्र पथारीवाल्यापेक्षा चांगला आला होता. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. आता लिहितोय.

नवापूर

तिसरे साक्षीदार दानियल गावित. नवापूरकडच्या डोंगरातलं घर, थोडी भातशेती, ऊसतोडीच्या दिवसांत मजुरी, आणि रविवारी चर्चमध्ये ढोलकी. संध्याकाळी तळोद्याला चहाच्या टपरीवरून प्राचीनं त्यांना फोन केला.

"ताई, उद्या दुपारच्या गाडीनं मी गुजरातेत व्याऱ्याला चाललोय. बहिणीच्या मुलीची मागणी आहे. स्टेशनवर या. किती पोती आहेत?"

"पावतीवर चाळीस. पण तुम्हाला दाखवायला एक आणते, दानियलभाऊ."

"एकात हात घालून चाळिसांची साक्ष कशी देऊ? आबांचं बरं आहे, त्यांच्या शेजारगावची मिरची, दर हंगामात बघतात. मोगीबाई बाजारात बसतात, त्यांना वासावरनं कळत असेल. मी ना शेजारी, ना व्यापारी. मला सगळी बघावी लागेल."

प्राचीचा चेहरा उतरला. तिनं कमलताईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, माझ्या व्यापारासकट. मी ओरडा खायची तयारी करून डोळे मिटले.

"सगळीच पोती लई येसू," कमलताई म्हणाल्या.

"ताई, काय बोलताय! पावती पुलाच्या मध्यावर अडकलीय आणि तुम्ही माल गोदामाबाहेर काढणार? इकडची वही म्हणेल मिरची गोदामात, तिकडची म्हणेल अजून आलीच नाही, आणि मिरची रस्त्यावर!"

"रस्ता मन्हा पाह्येल शे," कमलताई म्हणाल्या. "तुना पूल माले दिसत नही."

शनिवारी दुपारी नवापूर स्टेशनवर पोचलो. आधी त्या स्टेशनविषयी. ते अर्धं आपलं, अर्धं गुजरातचं. फलाट एकच. मी चहा महाराष्ट्रात घेतला, दहा पावलं चालून खमण गुजरातेत खाल्लं आणि तिखट लागलं म्हणून पाणी प्यायला स्वराज्यात परत आलो. बाकावर एक जोडपं भांडत होतं. नवरा रागानं उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला, म्हणजे परराज्यात.

दानियलभाऊ स्टेशनबाहेर उभे होते. मागणीला जायचं म्हणून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसाला तेल, हातात मिठाईचा खोका. गाडीची वेळ जवळ येत चालली होती आणि टेम्पोचा पत्ता नव्हता. प्राची फोनकडे बघत होती. दोन हिरव्या खुणा, तिसरी जागा रिकामी.

मग टेम्पो आला. आला म्हणजे आधी त्याचा वास आला. रिक्षावाले एकेक करून शिंकायला लागले, तेव्हाच मी म्हणालो, म्हसावद आलं. कमलताई केबिनमध्ये, डोक्याला पदर करकचून, भुवयासुद्धा लाल. खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "घाल भाऊ, हात घाल."

दानियलभाऊंनी मिठाईचा खोका माझ्या हातात दिला, बाही दुमडली आणि टेम्पोत चढले. एकेक पोतं सोडायचं, हात कोपरापर्यंत, मूठ वर, वास, पुढचं. पांढऱ्या शर्टावर लाल ठसे उमटायला लागले. तिकडे फलाटावर गाडीची घोषणा झाली, एकामागून एक भाषांत. दरवेळी प्राची दचकायची. दानियलभाऊ ऐकत होते, पण हात थांबत नव्हता.

एका पोत्यापाशी हात थांबला.

"याची शिवण वेगळी आहे," ते म्हणाले. "बाकीच्यांना सुतळी, याला शेवाळी दोरा. हे कुठलं?"

मी खोक्याच्या दोरीची गाठ बघायला लागलो. कमलताई खालून सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "ते पोतं गोदामनं नही. मामानी एक खापरले इकं, मंग चाळीस भरत नव्हती. ही मन्ही घरनी शे. वरीसभरनी ठेयेल व्हती. तिखट, चटनी, सगळी हाईच. आते ह्याच पोतामा शे."

प्राचीनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

दानियलभाऊंनी त्या पोत्यात हात घातला आणि बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ ठेवला. तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली. फलाटावर धावपळ झाली, दारं आपटली, आणि आम्ही सगळे रस्त्यावर उभे असताना व्याऱ्याची गाडी व्याऱ्याकडे निघून गेली.

"तुमची गाडी!" मी ओरडलो.

"दिसली," ते म्हणाले. त्यांनी मूठ वर काढली. "ही तर बाकीच्यांहून बरी आहे, ताई. घरची दिली तुम्ही." मग राहिलेली पोती पाहिली. एकही सोडलं नाही. हात पँटला पुसला, फोन काढला आणि 'हो' दाबलं.

आता एक गोष्ट मी अजिबात न फुगवता सांगतो. त्यांनी अंगठा उचलला आणि माझा श्वास आत गेलेला बाहेर यायच्या आत पावती पलीकडे होती. ज्या कामाला वॉलेटं, नाणी आणि नशीब लागायचं ते एका अंगठ्यात झालं. कमलताईंच्या फोनवर इकडची पावती बंद झाल्याची खूण आली आणि लगेच सुरतेचा फोन. मसालेवाला इतका मोठ्यानं बोलत होता की स्पीकर लावायची गरज पडली नाही. "आवी गयुं, बेन! आवी गयुं! माल क्यां छे?"

"नवापूरले!" कमलताई ओरडल्या. "तुमना दारमा!"

प्राची मटकन टेम्पोच्या फळीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला शिंका आल्या, शिंकता शिंकता रडू. तेवढ्यात तिनं बोलून टाकलं, "ताई, साक्षीदाराचं बटण आता मी बदलणार. आधी विचारेन, माल कुठं पाहिला, कुणासमोर पाहिला. मगच 'हो'."

"आनि गाडीभाडं बी विचार," दानियलभाऊंचा शर्ट बघत कमलताई म्हणाल्या. मग त्यांना सांगितलं, "बस रे भाऊ टेम्पोमा. व्यारा वाटमाच शे. मागनीले उशीर नको." त्यांनी मिठाईचा खोका माझ्याकडून घेतला, थोडा दाबला गेला होता, आणि स्वतःही केबिनमध्ये चढायला लागल्या.

"ताई, तुम्ही कशाला?" प्राची म्हणाली. "पावती पोचली. आता माल ड्रायव्हर नेईल. तुम्ही घरी गेलात तरी चालेल."

"पावती पोचनी," कमलताई म्हणाल्या. "मी कोठे पोचनी? इतला महिना त्या मानूसले फोनवर ऐकी ऱ्हायनू. मन्ही मिरचीना तो काय करस ते पाहू दे ना. त्यानी मसालानी बरनीमा बी हात घाली येस." मग खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवून, "मामा, खापरना पैसा बायासले नेई द्या. आनि जीप सांभाळीसन चालवा. ती इकू नका!"

टेम्पो निघाला. हद्दीच्या पाटीजवळ दानियलभाऊ एकदा जोरात शिंकले. शिंक महाराष्ट्रात सुरू झाली आणि तिचा शेवट गुजरातेत ऐकू आला.

मी जीपकडे वळलो, म्हसावदच्या दिशेनं. प्राची आधीच आत बसली होती. तिनं आरसा नीट केला आणि समोरच्या रस्त्याकडे, टेम्पो गेला तिकडे, बोट दाखवलं.

"मामा, तिकडं घे. तीन वर्षं पूल बांधतेय, पलीकडचं टोक मी अजून पाहिलंच नाही."